आबाजींच्या खिशातला डोळा

१४ ऑक्टोबर
तांडा, घाटंजी

समीक्षा,

नंबर ब्लॉक केलास ना? ठीक. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. हे पत्र तुझ्या क्लासच्या पत्त्यावर टाकतो आहे. घरी टाकलं तर तुझे बाबा उघडतील आणि पुन्हा माझ्या नावानं शिमगा. पाकिटावर मागे नाव नाही. अक्षर ओळखून फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

दसऱ्याला काय झालं ते तू फक्त बाबांच्या तोंडून ऐकलंस. मी त्यांना फोन केला, खरं आहे. भाऊबीज झाली की नागपूरचे पाहुणे तुला पाहायला येणार, हे मला कोणाकडून कळावं? तुमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून! 'काय बे सोनू, समीक्षाचं जमून राह्यलं म्हणते.' असं म्हणून तो पुन्हा कोणाच्या तरी मोबाइलची काच बसवायला लागला. कोणाचंही डोकं फिरेल. माझं जरा लवकर फिरतं, एवढाच फरक. मी फोनवर दोन शब्द बोललो, ते चार बोलले. फिटंफाट झाली. त्यात तू मला ब्लॉक करावंस असं काय होतं?

मशीन माझ्याकडे आहे आणि नीट आहे, हे सांगून ठेवतो. तुझ्या बाबांच्या लेखी तो भंगाराचा डबा असेल. पण तुझ्या आजोबांनी, आबाजींनी, याच डब्यावर वणीच्या जत्रेपासून मुकुटबनच्या बाजारापर्यंत तंबूतल्या सिनेमाला आवाज दिला. आपण दुसऱ्या वर्षाला होतो. तूच मला तुमच्या कापसाच्या गोदामात नेलंस, पोत्यांमागून तो डबा ओढून काढलास आणि म्हणालीस, "सोनू, हे बोलतं कर. हे बोललं तर मी बाबाशी तुझ्याबद्दल बोलीन. तू एक तरी गोष्ट पुरी केलेली मले दिसू दे."

मी विसरलो नाही. तू विसरलीस का?

कॉलेजात आपल्याला चिपच्या आधीचं काही शिकवलंच नाही, म्हणून तुला या व्हॉल्व्हचं वेड कळत नाही. जुन्या हातभर लांब रेडिओत किंवा सिनेमाच्या मशीनमध्ये आवाज मोठा करायचं काम काचेच्या या नळ्या करायच्या. आतली तार लाल होते आणि सुईएवढा आवाज जत्राभर पसरतो. मी ग्रामपंचायतींच्या मोडक्या रेडिओतून काढले, वणीच्या भंगारवाल्याच्या ढिगात हात घालून काढले, पांढरकवड्याच्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावरून कबुतराच्या घाणीतून काढले. आणि कॉलेजच्या लॅबमधले, ज्यांच्यापायी मी कॉलेज सोडलं ते. तू अजून म्हणतेस, सोनूनं व्हॉल्व्ह वाचवले आणि वर्ष घालवलं. कपाटभर व्हॉल्व्ह शिपाई फावड्यानं पोत्यात भरत होता, समीक्षा. फावड्यानं! मी म्हटलं, सर, मी नेतो. सर म्हणाले, हा ई-कचरा आहे, नियमानं जाईल. मग मी आय-कार्ड टेबलावर टाकलं, खोकं उचललं आणि निघालो. पुन्हा तसं झालं तर पुन्हा तसंच करीन.

आता मशीनला सगळं मिळालं. नाही मिळाला तो डोळा.

फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यातून दिव्याचा उजेड पलीकडे जातो. तिथं एक बोटभर नळी बसलेली असते. ती उजेड पाहते आणि मशीन त्याचा आवाज करते. फोटोसेल. आबाजी डोळा म्हणतात. खेळ संपला की ते डोळा काढून बंडीच्या आतल्या खिशात घालायचे, कारण ऑपरेटर परस्पर खेळ लावेल नाहीतर मशीनच घेऊन पळेल. डोळ्याशिवाय मशीन मुकी. जेवताना खिशात, झोपताना खिशात. तंबू जाऊन जमाना झाला, तरी खिशात. मला मशीन दिली तेव्हाही डोळा दिला नाही. म्हणाले, "पोट्ट्या, आधी बाकीचं जागं कर. मंग डोळा मांग."

तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही. तुमच्या घरानं मला सगळं दिलं, चहा दिला, मशीन दिली. विश्वास तेवढा खिशात ठेवला.

नंबर उघड. ओरडायचंच असेल तर समोरासमोर ओरडू.

सोनू


२० ऑक्टोबर
वावरातून

समीक्षा,

संपलं सगळं. तुला बरं वाटेल.

मागे तुला म्हणालो होतो, एकदा दिवाळीला तांड्यात ये, मेरा दाखवतो. अमावस्येला आमच्या लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन गात गात घरोघर जातात. प्रत्येक घरी, एकही दार सोडत नाहीत. दारात दिवा येणार आणि त्या उजेडात कोपऱ्यातली धूळ दिसणार, म्हणून त्याआधी तांड्यातल्या बाया घराचं असं काही धुणं काढतात की माणूस एका जागी जास्त वेळ उभा राहिला तर त्यालाही घासून काढतील.

मी यवतमाळला व्हॉल्व्ह बसवायची सॉकेट आणायला गेलतो. परत आलो तर अंगणात बाजेवर धुतलेली गोधडी आणि तिच्यावर माझे सगळे व्हॉल्व्ह ओळीनं मांडलेले. उन्हात नुसते लखलख करत होते. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, राख लावून काच घासलेली आणि चिंचेच्या पाण्यानं पितळेच्या टोप्या उजळलेल्या. हात पुसत ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, "पाह्य कसे झाले! काय मळ होता बाप्पा. आता पोरी आल्या तं म्हणतीन, लालीबाईच्या घरी झुंबर आलं."

तुला कळलं का काय झालं? नंबर गेले.

जुन्या व्हॉल्व्हवर नंबर वरवर छापलेला असतो. ओलं बोट फिरवलं तरी निघतो. म्हणून तर मी त्यांच्यावरची धूळसुद्धा झटकत नव्हतो. कबुतराच्या घाणीसकट ठेवले होते. आता सगळे कोरे. सॉकेट बदलायला मशीनचे स्वतःचे व्हॉल्व्ह काढून मी बाकीच्यांसोबत अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले होते, तेही त्यांच्यात गेले. एखाद-दुसरा ठेंगणा किंवा जाडा ओळखू येतो, बाकीचे भावंडांसारखे. सगळ्यांना खाली आठ काड्या, कोणीही कोणाच्याही जागी बसतो. पण चुकीचा बसला की ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसला ट्रान्सफॉर्मर आता कुठं मिळायचा नाही. मशीन कायमची गेली समज.

मी याडीला काय काय बोललो ते लिहीत नाही. इतकं बोललो की बापू, माझा बाप, उठून मध्ये आला.

"सोयाबीन मळाले पडून हाय, अन् तू काचेपायी मायवर भुकून राह्यला? उचल ते वांगे अन् टाक नाल्यात!"

तांड्यात त्यांना वांगेच म्हणतात. अंड्यांच्या ट्रेमध्ये काळी बुडं वर करून बसलेले असतात म्हणून. "सोनू, वांगे निघाले का बे बाजारात?" हे मी आल्या-गेल्याकडून ऐकतोच. पण घरात बापूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी ट्रे उचलले, कुडाच्या बाहेर शेणखताच्या ढिगाशी नेले आणि आदळायला हात वर केला. आदळले नाहीत. का ते माहीत नाही. ठेवून दिले तिथंच, उघड्यावर.

याडी दारात उभी होती. म्हणाली, "दव पडते रे. आत घे."

"पडू दे!"

आता पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, कपाशीच्या बांधावर, बसून लिहितो आहे. घरी जाणार नाही. जेवणार नाही. मी काहीही हातात घेतलं की ते असंच होतं, तू म्हणत होतीस ते बरोबरच निघालं. कर आता पोहे नागपूरवाल्यांसाठी. शेंगदाणे जास्त घाल.

सोनू


२१ ऑक्टोबर

कालचं पत्र खिशातच राहिलं होतं. दोन्ही एका पाकिटात टाकतो. कालचं वाचून पाकीट फेकून दिलं असशील तर उचल.

सकाळी वावरातल्या खोपडीत याडी आली. हातात भाकर, चेहरा घुम्यासारखा. भाकर ठेवली आणि म्हणाली, "सोनू, ऊठ. तुह्या काचेवर काहीतरी उगवलं."

"बुरशी असन," मी म्हटलं. तोंड वळवूनच होतो.

"बुरशी नाही. लिहल्यावानी हाय."

याडीला वाचता येत नाही. पण लिहिलेलं आणि सांडलेलं यातला फरक कळतोच ना माणसाला. मी तसाच अनवाणी पळालो.

समीक्षा, ट्रेवर दव पडलं होतं. सगळ्या काचा दुधासारख्या धूसर. आणि ज्या जागी कधी शाई होती तिथं दव बसलंच नव्हतं, त्या रेघा तेवढ्या काळ्याभोर. फाइव्ह-यू-फोर. मी मोठ्यानं वाचलं. पुढचा, सिक्स-व्ही-सिक्स. त्याच्या पुढचा. याडीनं घासून शाई काढली होती, पण शाई काचेला जे काही करून गेली होती ते निघालं नव्हतं. मी खताच्या ढिगाशी गुडघ्यावर बसून वाचत सुटलो. मागून कोणीतरी जाता जाता म्हणालं, "आता वांग्याची पूजा करून राह्यला." म्हटलं असेल. मला काय त्याचं.

तेवढ्यात ऊन आलं. दव गेलं आणि नंबरही गेले. अर्धेसुद्धा वाचून झाले नव्हते. मी सूर्याला शिवी दिली, हसू नकोस, खरंच दिली. आणि रडायला आल्यासारखं होऊन हातातला व्हॉल्व्ह तोंडाजवळ नेला तर माझ्या श्वासानं काच धूसर झाली आणि नंबर परत आला.

याडी पाहत होती. म्हणाली, "हे काय नवं हाय? कंदिलाची काच आम्ही अशीच पुसत होतो. हाऽऽ करून."

मग दोघं बसलो ओसरीत. ती एकेक व्हॉल्व्ह घेऊन हाऽऽ करायची, मी वाचायचो आणि चिकटपट्टीवर लिहून बुडाला लावायचो. मध्येच मी म्हटलं, "तू कांदा खाऊन फुकून राह्यली, नंबर पळून जातीन." तर म्हणे, "पळाले तं तुह्या मागं पळतीन, तू बी काल तसाच पळाला." काहींवर काहीच उगवलं नाही. ते कोरेच राहिले. पण मशीनचे सापडले.

फुंकता फुंकता तिनं विचारलं, "ते वणीची पोरगी आता फोन काहून करत नाही?"

मी तिला सांगितलं. तुला पहिल्या पत्रात लिहिलं तसं 'दोन शब्द' वगैरे नाही. जे बोललो होतो तेच सांगितलं. "मशीन पाहिजे असन तं पोरगी द्या. नाही तं मशीन विसरा."

लिहिलं बघ. तुला ते आधीच माहीत होतं, मी मात्र तुझ्यासमोर दोन शब्द, दोन शब्द करत होतो.

याडीनं हातातला व्हॉल्व्ह गोधडीवर ठेवला. "अदलाबदली कराले निघाला तू? ते काय बाजारातली गाय हाय? अन् वरून म्हणतो ते बोलत काहून नाही."

"रागात बोललो."

"माह्याशी बी रागातच बोलला काल."

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. व्हॉल्व्ह पुन्हा उचलला, हाऽऽ केलं आणि माझ्या डोळ्यांपुढं धरला.

"वाच."

सोनू


२४ ऑक्टोबर

समीक्षा,

मशीन उठली.

व्हॉल्व्ह बसवले, एक हात पाठीमागे धरून. आत इतकं व्होल्टेज असतं की दोन्ही हात घातले तर झटका छातीतून जातो. बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग एकेक तार आतून तांबूस होत गेली, चुलीतल्या निखाऱ्यावर हलकी फुंकर घालावी तशी. मी डोळ्याच्या जागी येणाऱ्या तारेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, आणि कर्ण्यातून घूंऽऽऽ. कोंबड्या उडाल्या. बकरीनं दावं तोडलं. बापू धावत आला.

"काय फुटलं बे?"

"काही नाही. मशीन जागी झाली."

"तं सांग तिले, सोयाबीन मळ म्हणा."

पण थांबला तिथं थोडा वेळ. लाल तारांकडे बघत राहिला. मग गेला.

आता ऐक. मशीन जागी आहे पण आंधळी आहे. आबाजी म्हणाले होते, बाकीचं जागं कर, मग डोळा माग. मी केलं. कायद्यानं आता मागायचा हक्क माझा. आणि मी मागत नाही. आता मागितला तर पुन्हा तेच होतं, हे घ्या आणि ते द्या. ते एकदा बोलून बसलो आहे.

बाबांना सांग, पाडव्याला पूनमसिंगची गाडी वणीला येते. आमच्याच तांड्याचा आहे, कोळशाच्या खाणीवर माणसं नेतो-आणतो. मशीन त्याच्या गाडीत ठेवून देईन. बदल्यात काही नको. माफीपण मागायला हवी, ती मी बाबांकडे त्यांच्या तोंडावर मागेन, चिठ्ठीत नाही. ज्या दिवशी ते दारात उभं करतील त्या दिवशी. हे सगळं लिहिताना दात इतके आवळले गेले आहेत की जबडा दुखतो आहे. माझ्याच्यानं चांगलं वागणं असं सहज होत नाही, तुला माहीत आहे.

आणि माझा राग गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. पाहुण्यांचं तू सांगायला हवं होतंस. तू. त्या काचवाल्यानं नाही. मी तुझ्या घरच्यांशी चुकलो, तू माझ्याशी चुकलीस. तुला ते वाटत नसेल तर तसं सांग, भांड, काहीतरी कर. ही जी तुझी गप्प बसायची पद्धत आहे ना, त्यापेक्षा मला तीनशे व्होल्टचा झटका बरा.

आबाजींना एवढं सांग की मशीनची घूंऽ आजही चांगली भारी आहे.

सोनू


३० ऑक्टोबर

समीक्षा,

पूनमसिंगनं आज वणीहून एक पुडकं आणलं. म्हणाला, "एका पोरीनं स्टँडवर देल्लं. सोनूले दे म्हणे. अजून काही बोलली नाही."

"कशी दिसत होती? रागात होती का?"

"मी गाडी चालवतो का पोरीचं तोंड पाहतो?"

वर्तमानपत्र सोडलं तर आत कापडाचा एक चौकोन. आधी कळेचना. मग लक्षात आलं, तो खिसा आहे. आबाजींच्या बंडीचा आतला खिसा, कातरीनं चारी बाजूंनी कापून काढलेला, तोंड दोऱ्यानं शिवून टाकलेलं. वास अजून तोच, तंबाखूचा आणि बामचा. उसवला तर आत डोळा.

बोटाएवढी नळी. आत चांदीचा अर्धगोल पत्रा, दुमडलेल्या पापणीसारखा. इतकी वर्षं माणसाच्या छातीला लागून राहिलेली वस्तू. 

चिठ्ठी नाही. मी खिसा उलटा केला, पुडक्याचं वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, सोयाबीनच्या भावापासून निधन वार्तेपर्यंत, की कुठं तू पेननं काही खूण केली असशील. दोरासुद्धा सरळ करून पाहिला. काही नाही. एक ओळ लिहायला काय झालं होतं? शिवी लिहायची. 'गाढवा' एवढं लिहायचं.

पण टाके तुझे आहेत. माझ्या बॅगेचा पट्टा तुटला होता तेव्हा घातले होतेस तसेच, आडवेतिडवे, एकावर एक, कधी उसवूच नये असे. म्हणजे आबाजींनी दिला आणि शिवला तू. की तू मागितलास? मला कळायला काहीच मार्ग नाही आणि त्यानं माझं डोकं फिरून राह्यलं.

आबाजी आता झोपताना छातीवर हात कुठं ठेवत असतील?

सोनू


२ नोव्हेंबर
पाडवा

समीक्षा,

हे पत्र मशीनच्या झाकणाखाली ठेवतो आहे. पूनमसिंग आंघोळीला गेला आहे, तो येईपर्यंत लिहून व्हायला हवं.

डोळा बसवला. पण त्याला दाखवायचं काय? आबाजींच्या रिळी तर केव्हाच चिकटून गूळ झाल्या. प्रोजेक्टर नाही. मी घरातला बल्ब लावला, तर मशीन नुसती गुणगुणायला लागली. दारावर दिवाळीची लाइटची माळ होती, ती समोर धरली, तर चिडलेल्या माशीसारखा आवाज. वीज जशी थरथरते तसाच तो रडका आवाज. तेवढाच. बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मी तिथं डोकं धरून बसलो. एवढ्यासाठी? कॉलेज, खताचा ढीग, याडी, तू, सगळं या भुणभुणीसाठी? हे तुझ्या आबाजींना ऐकवू? मशीन बोलली असं याला म्हणू?

काल अमावस्या होती. दिवस मावळल्यावर याडी आली. "त्या लाइटी बंद कर. पोरी आल्या."

"येऊ दे. मी काम करून राह्यलो."

"विजेच्या उजेडात मेरा होते का कुठं? बंद कर म्हणतो ना."

मी चिडून सगळे दिवे बंद केले. बटणं आपटलीच. मशीन तेवढी विसरलो. ती चालू राहिली, डोळा दाराकडे.

पोरी गात आल्या. नव्या फेट्या, म्हणजे आमचे घागरे, वर ओढण्या, प्रत्येकीच्या हातात दिवा, आणि दिव्याभोवती दुसऱ्या हाताचा आडोसा, वारा होता म्हणून. पहिली पोरगी उंबऱ्याशी आली आणि तिनं आडोशाचा हात काढला.

कर्णा बोलला.

कसा सांगू? फडफड. मोठ्या कापडात वारा शिरावा, ते फुगावं, सुटावं, पुन्हा फुगावं, तसा आवाज. पोरींचं गाणं थांबलं. ज्योत हलली की फडफड वाढायची, स्थिर झाली की मंद व्हायची. आणखी दिवे दारात आले, तसं अख्खं अंगण फडफडायला लागलं. एकीनं धीर करून दिव्यापुढून हात फिरवला. धप्प. पुन्हा फिरवला, धप्प. मग सगळ्या खिदळायला लागल्या आणि नुसती धमाल, कोणी ज्योतीवर हळूच फुंकर घालतंय, कोणी दिवा खाली-वर करतंय, आणि मशीन प्रत्येकीला वेगळं उत्तर देतेय. याडी म्हणाली, "दिवा बोलून राह्यला गं बाई." बापू ओट्यावर बसला होता. तो सोयाबीनचं काही बोलला नाही.

आबाजींनी मला एकदा सांगितलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी, बत्त्या विझल्यावर, तंबूत क्षणभर लोक गप्प व्हायचे आणि फक्त वरचं कापड वाऱ्यावर वाजत असायचं. म्हणाले, पिक्चर सगळे विसरलो, तो आवाज नाही विसरलो. मी तो तंबू पाहिलेला नाही. पण काल मी तो ऐकला, माझी खात्री आहे.

पोरी पुढच्या घरी गेल्यावर मी एकटाच दिवा धरून बसलो. तू इथं असायला हवी होतीस. हे गोड बोलणं नाही, तक्रार आहे.

आता कामाचं. मशीन गाडीत मागे गोधडीत बांधली आहे, व्हॉल्व्ह काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येकाच्या बुडाला पट्टी आहे, त्याप्रमाणे बसव. तुला जमेल, माझ्यापेक्षा तुझे हात शांत आहेत. डोळा मशीनसोबत ठेवलेला नाही. प्रवासात दोन्ही एकत्र ठेवायचे नाहीत, ही आबाजींचीच रीत. याडीनं तो त्याच खिशात घालून नव्यानं शिवून दिला आहे. पूनमसिंगच्या शर्टाच्या आत आहे. तो खिसा फक्त आबाजींच्या हातात द्यायचा, असं त्याला बजावलं आहे.

बटण दाबल्यावर घाई करू नकोस, तारा तांबूस होऊ दे. खोलीतले सगळे लाइट बंद कर. दिवा लाव, तेलाचा. आबाजींना कर्ण्याजवळ बसव, त्यांच्या चांगल्या, उजव्या कानाच्या बाजूनं.

'मशीन बोलली तर मी बाबाशी बोलीन' हे तू म्हणाली होतीस. त्यातून तू मोकळी. मशीन बोलली म्हणून बोलू नकोस. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर राहू दे. मी आज येत नाही. मला बसायला जागा आहे गाडीत, पूनमसिंग दोनदा म्हणाला चल म्हणून. पण मी आलो तर तुमच्या दारात मशीनशेजारी उभा राहीन, आणि सगळ्यांना वाटेल हा बदल्यात काहीतरी न्यायला आला. म्हणून इथंच थांबतो. जीव तुटतो आहे, पण थांबतो.

नागपूरचे पाहुणे आले तर त्यांनाही ऐकव, माझी काही हरकत नाही.

पूनमसिंग हॉर्न वाजवून राह्यला.

नाही, समीक्षा, खोटं लिहिलं. त्यांना ऐकवू नकोस. बाकी सगळ्यांना ऐकव, त्यांना नको.

सोनू